न्यूकमध्ये (व्हिडिओचे थर जोडायचं सॉफ्टवेअर) रेंडर होताना स्विच बदलायचा आहे, कोड कुठे टाकू?

रात्रपाळी_धरमपेठ
संत्र्याच्या ज्यूसच्या जाहिरातीचा शॉट आहे, फ्रेम 1001 ते 1240. मागच्या दुकानातली ट्यूबलाइट मधेमधे फडफडते. ज्या फ्रेमला फडफडते त्यांचे नंबर टेक्स्ट फाइलीत लिहून ठेवलेत. तेवढ्याच फ्रेमला स्विचने (इनपुटांतलं एक निवडणारा नोड) क्लीन प्लेट (फडफड नसलेलं चित्र) घ्यायची. 'बिफोर फ्रेम रेंडर'चं फंक्शन (प्रत्येक फ्रेम रेंडर होण्याआधी आपोआप चालणारं) मेन्यू डॉट पाय या पायथन फाइलीत टाकलं. माझ्या मशीनवर न्यूक उघडून रेंडर केलं तर चालते. रात्री दोन मशीनवर टर्मिनलमधून, खिडकी न उघडता लावलं (मे महिन्यात दिवसा आमचा कूलर आणि मशीन दोन्ही रडतात) तर सकाळी एकही फ्रेम बदललेली नाही. एररसुद्धा नाही. काहून?

नोडवाला
टर्मिनलमध्ये मेन्यू डॉट पाय वाचलीच जात नाही भाऊ. ती फक्त खिडकी उघडली की चालते. इनिट डॉट पाय दोन्हीकडे चालते. फंक्शन तिथे हलव, काम झालं.

जुना_कॉम्पर
हलवलं तर चालेल, पण करू नको. रेंडर सुरू झाल्यावर झाडाला (नोडच्या जोडणीला) हात लावायचा नाही, हा माझा नियम. मी एकदा तसा रंगाचा ग्रेड बदलत होतो आणि अधूनमधून मागच्याच फ्रेमची किंमत लागून यायची. दोन रात्री गेल्या. शिवाय उद्या दुसऱ्याने ती स्क्रिप्ट त्याच्या मशीनवर उघडली तर तुझी इनिट त्याच्याकडे नसेल.

रेंडरला पाठवण्याआधीच एक छोटी पायथन चालव: फाइल वाच, स्विचच्या 'विच'ला (कोणतं इनपुट घ्यायचं ते सांगणारा आकडा) ॲनिमेटेड कर, 1001 ते 1240 प्रत्येक फ्रेमला की (त्या फ्रेमची ठरलेली किंमत) टाक, यादीत असेल तर 1, नसेल तर 0. नुसत्या 1 च्या की टाकशील तर मधल्या फ्रेमही 1 धरून बसतील. मग सेव्ह. या की न्यूकच्या डॉट एनके स्क्रिप्ट फाइलीतच राहतात, कुठलंही मशीन असो. कर्व्ह डोळ्याने तपासताही येतो.

'नॉब चेंज्ड'कडेही वळू नको. नोडच्या पॅनलमध्ये कुणी कंट्रोल हलवला की चालण्यासाठी ते आहे, रेंडरच्या फ्रेमसाठी नाही.

नोडवाला
मग हे कॉलबॅक (अशी आपोआप चालणारी फंक्शनं) ठेवलेत कशाला?

जुना_कॉम्पर
फोल्डर बनवायला, लॉग लिहायला, मेल पाठवायला. चित्राबाहेरची कामं. तिथेही जपून: फ्रेम दोन मशीनवर वाटल्या की 'आफ्टर रेंडर' दोन्हीकडे वेगळं चालतं. 'रेंडर झालं'चा मेल अर्धं काम बाकी असतानाच क्लायंटला जातो. गेलाय माझा.

रात्रपाळी_धरमपेठ
की टाकल्या. एक घोळ झाला: फाइलीतला नंबर अक्षर म्हणून वाचला जात होता, त्यामुळे आधी सगळीकडे 0 च. इंट (पूर्णांक) केल्यावर 1063 ला क्लीन प्लेट दिसली. आज रात्री दोन्ही मशीनवर लावून राहिलो.