पाळीचे पहिले दोन दिवस आणि आपला व्यायाम : अनुभव लिहा

पुण्यात गेली नऊ वर्षे मी सकाळी सहाच्या सुमारास पर्वती चढते. 103 पायऱ्या चढायच्या आणि उतरायच्या, असे चार वेळा केले की माझा व्यायाम होतो. दर महिन्याला मात्र पाळीचा पहिला दिवस आला की ओटीपोटात अशी कळ येते, की चाळिसाव्या पायरीपाशीच कठड्याला धरून उभे राहावे लागते. कपाळावर गार घाम येतो, मांड्या भरून येतात आणि कंबर कोणी पिळून काढत असल्यासारखे वाटते. सुरुवातीची कितीतरी वर्षे मी हे दिवस सरळ सोडून देत असे. दोन दिवसांची ती सुट्टी बघता बघता आठ-दहा दिवसांची होई, कारण तिसऱ्या दिवशी अंग जड वाटे, पाचव्या दिवशी घरी पाहुणे येत, आणि पुन्हा सुरुवात करताना पोटऱ्या अगदी नव्याने दुखू लागत. एकदा वर्षाचा हिशेब मांडला, तेव्हा बारा महिन्यांतले जवळजवळ तीन महिने मी घरीच होते असे निघाले.

दोन वर्षांपूर्वी मी एकच बदल केला. त्या दोन दिवशीही मी त्याच वेळी उठते, बूट घालते आणि पायथ्यापर्यंत जाते. चढत मात्र नाही. सपाट रस्त्यावर वीस-पंचवीस मिनिटे चालून परत येते. दुखणे नाहीसे होते असे मी म्हणणार नाही, पण दहा-बारा मिनिटे चालल्यावर दोन कळांमधले अंतर वाढते, हे मी जवळजवळ दर महिन्याला अनुभवले आहे. तिसऱ्या दिवशी दोन फेऱ्या आणि पाचव्या दिवशी चार फेऱ्या, असा माझा क्रम आता बसला आहे.

घरातसुद्धा आपण "आज बरे नाही" एवढ्यावरच हा विषय थांबवतो, त्यामुळे कोण काय करते ते एकमेकींना कळतच नाही. म्हणून विनंती आहे की आपण कोणता व्यायाम करता, त्या दिवसांत त्यात काय बदलता, काय खाता, औषध कोणाच्या सल्ल्याने घेता, हे सविस्तर लिहावे. करून पाहिले पण जमले नाही, असे काही असेल तर तेही अवश्य लिहा. माझ्या मते तेच जास्त उपयोगी पडेल.

ठाणे, बँकेत नोकरी, वय 34

मी आठवड्यातून चार दिवस संध्याकाळी जिममध्ये वजने उचलते. पहिल्या वर्षी माझी सर्वांत मोठी अडचण दुखण्याइतकीच बोलण्याची होती. आमचा प्रशिक्षक पंचविशीतला मुलगा आहे. पाळीच्या दिवशी मी त्याला "पाठ दुखते आहे" असे सांगत असे, आणि मग तो पाठीसाठी म्हणून जे व्यायाम देई त्यांनी ओटीपोटावर आणखी ताण येई. एके दिवशी मी त्याला सरळ सांगितले, की माझी पाळी आहे, आज पहिला दिवस आहे. तो क्षणभर गप्प झाला आणि मग त्याने वहीत माझ्या नावासमोर तारीख लिहून घेतली. आता तोच आदल्या आठवड्यात जड वजनांचे दिवस उरकून घेतो.

एरवी डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचे वजन उचलून ताठ उभे राहणे, मी 45 किलोची करते. पहिल्या दोन दिवशी 25 किलोवर येते. श्वास रोखून जोर लावला की मला कळ वाढल्यासारखी वाटते, म्हणून प्लँक, क्रंचेस यांसारखे पोटाचे व्यायाम आणि पडून पाय उचलण्याचे सगळे प्रकार त्या दिवसांत बंद असतात. खांदे, दंड आणि पाठीचा वरचा भाग यांचे व्यायाम मात्र मी नेहमीप्रमाणे करू शकते, हे मला अनुभवानेच कळले.

डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी पूर्वी मी अगदी असह्य झाल्यावर, म्हणजे सीएसएमटीहून येणाऱ्या लोकलमध्ये उभे राहवेनासे झाल्यावर घेत असे. तोवर तिचा काही उपयोग होत नसे. "दुखायला लागल्याबरोबर, दोन घास खाऊन घ्या," असे डॉक्टरांनी बजावल्यापासून महिन्याला दोन गोळ्या पुरतात; पूर्वी पाच-सहा लागत.

कोल्हापूर, स्त्रीरोगतज्ज्ञ

गोळीचा उल्लेख आला आहे, म्हणून थोडे स्पष्ट करते. पाळीच्या सुमारास गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. त्यांच्यामुळे गर्भाशयाचा स्नायू जोराने आकसतो, तेवढा वेळ तिथला रक्तपुरवठा घटतो आणि कळ येते. हीच द्रव्ये आतड्यांवरही काम करतात, म्हणून अनेकींना त्याच दिवशी मळमळ किंवा जुलाब होतात. आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक ॲसिड यांसारखी औषधे ही द्रव्ये तयार होण्यालाच आळा घालतात. साहजिकच ती लवकर घेतलेली बरी. मात्र पोटातील व्रण, दमा किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी ती स्वतःच्या मनाने कधीही घेऊ नयेत. मेफेनॅमिक ॲसिडमुळे क्वचित होणाऱ्या एका गंभीर ॲलर्जीबाबत औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणाऱ्या इंडियन फार्माकोपिया कमिशन या सरकारी संस्थेने 2023 च्या अखेरीस सावधगिरीची सूचना दिली होती. गोळी सुरू असताना अंगावर पुरळ, ताप किंवा गाठींना सूज दिसली तर ती ताबडतोब थांबवून दवाखाना गाठावा.

व्यायामाविषयी सांगायचे, तर वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या 2019 साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात 12 चाचण्यांमधील 854 स्त्रियांची माहिती तपासली गेली. आठवड्यातून किमान तीनदा, दर वेळी 45 ते 60 मिनिटे व्यायाम करणाऱ्यांचे दुखणे लक्षात येण्याइतके कमी झाल्याचे त्यात दिसले, मग तो व्यायाम हलका असो की जोराचा. पुरावा फार भक्कम नाही, हेही त्या आढाव्यातच नोंदवले आहे. मी रुग्णांना एवढेच सांगते की हा फायदा नियमित व्यायामाचा आहे; दुखत असतानाच्या तासाभरात स्वतःला ताणण्याचा नाही. मी स्वतः रोज रंकाळ्याभोवती चालते आणि पहिल्या दिवशी अर्ध्यातून परत फिरते.

रत्नागिरी, वय 29

मी पहिल्या दिवशी कोणताही व्यायाम करत नाही. गरम पाण्याची पिशवी पोटावर घेऊन झोपते, संध्याकाळी आल्याचा चहा घेते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दोरीच्या उड्या मारायला जाते. सहा वर्षे हाच क्रम आहे आणि माझी घडी कधी विस्कटलेली नाही, म्हणून पूर्ण विश्रांतीचीही नोंद इथे असावी असे वाटले.

छत्रपती संभाजीनगर, शिक्षिका, वय 38

माझा अनुभव वेगळा आहे आणि तो मुद्दाम लांब लिहिते आहे, कारण तो मला कोणी आधी सांगितला असता तर माझी सहा वर्षे वाचली असती.

मी दहा किलोमीटरच्या शर्यती धावत असे. पाळीच्या दुखण्याकडे मी इच्छाशक्तीची परीक्षा म्हणून पाहत होते. पहिल्या दिवशीही मी धावले, हे मला अभिमानाने सांगावेसे वाटे. हळूहळू दुखणे पाळीच्या चार दिवस आधीपासून सुरू होऊ लागले आणि पाळी संपल्यावरही राहू लागले. शौचाला बसताना आत सुरी फिरल्यासारखे वाटे. उजव्या पायापेक्षा डावा पाय जड पडे आणि मी ते चुकीच्या बुटांवर ढकलले. बूट दोनदा बदलले. आई, मावशी आणि एक डॉक्टरसुद्धा म्हणाले, की लग्न झाले की कमी होईल. लग्न झाले आणि दुखणे वाढले, कारण आता शरीरसंबंधही वेदनेचा झाला. ते तर मी वर्षभर कोणाजवळच बोलले नाही.

शेवटी दुसऱ्या एका डॉक्टरांनी तासभर बसवून सगळे विचारले. दुखते कधी, कुठे, कोणत्या वेळी, एवढेच त्यांनी विचारले होते, पण ते आजवर कोणीच विचारले नव्हते. सोनोग्राफीत डाव्या अंडाशयावर चॉकलेट सिस्ट, म्हणजे जुने रक्त साठलेली गाठ, दिसली आणि पुढे दुर्बिणीतून केलेल्या शस्त्रक्रियेत एंडोमेट्रिओसिसचे निदान पक्के झाले. गर्भाशयाच्या अस्तरासारखे ऊतक गर्भाशयाबाहेर वाढते, असा हा आजार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार प्रजननक्षम वयातील सुमारे दहा टक्के स्त्रियांना तो असतो. म्हणजे माझ्या शाळेच्या शिक्षकखोलीतही मी एकटी नसेन, हा विचार त्या दिवशी माझ्या मनात आला.

आता संप्रेरकांच्या गोळ्या सुरू आहेत. धावणे मी थांबवले नाही, पण कमी केले, आणि आठवड्यातून दोनदा पोहते. पाण्यात ओटीपोटाला हादरे बसत नाहीत. ज्यांचे दुखणे दरवर्षी वाढत चालले आहे, पाळी नसतानाही होते आहे, किंवा गोळी घेऊनही नेहमीची कामे सुटत आहेत, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की कृपया व्यायामाचा प्रकार बदलत बसू नका, तपासणी करून घ्या.

नाशिक, खो-खो खेळणाऱ्या मुलीची आई

खो-खोमध्ये उकिडवे बसायचे आणि खो मिळताच उसळून पळायचे असते. पाळीच्या दिवशी ते उसळून उठणेच माझ्या मुलीला जमत नसे. माझ्या सासूबाई म्हणत, त्या दिवसांत खेळायचेच कशाला. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. स्वयंपाकघरातील कालनिर्णयवर मुलीच्या तारखेला पेन्सिलीने बारीक टिंब द्यायला सुरुवात केली. सात-आठ महिन्यांत आम्हाला कळले, की तिला फक्त पहिले तीस तास जड जातात. तेवढ्या वेळापुरते तिच्या मार्गदर्शक बाई तिला सरावात धावपटूंचा वेळ मोजायला बसवतात, त्यामुळे ती मैदानावर असते आणि संघातून तुटत नाही.

2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मीराबाई चानू यांचे पदक एका किलोने हुकले आणि तो पाळीचा तिसरा दिवस होता, अशक्तपणा जाणवत होता, असे त्यांनी नंतर उघडपणे सांगितले. ते ऐकताना सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "एवढ्या मोठ्या बाईलाही होते म्हणायचे." आता टिंब द्यायची आठवण त्याच करतात.

डोंबिवली, योगशिक्षिका

मी अय्यंगार पद्धतीने शिकवते. आमच्या परंपरेत पाळीच्या दिवसांत शीर्षासन, सर्वांगासन यांसारखी उलटी आसने करवून घेत नाहीत. त्याऐवजी सुप्त बद्धकोनासन देते. पाठीखाली लांब लोड, डोक्याखाली घडी केलेले कांबळे, तळवे एकमेकांना जोडलेले आणि गुडघे दोन्ही बाजूंना सैल सोडलेले. गुडघे अधांतरी राहिले तर जांघेत ताण येतो, म्हणून दोन्हीकडे उशी द्यावी. हा लहानसा भाग बहुतेक जणी घरी करताना विसरतात. सात-आठ मिनिटांनी पोट मऊ पडते. उपविष्ट कोनासनही, म्हणजे पाय दोन्ही बाजूंना पसरून बसणे, चालते, पण पुढे जोराने वाकायचे नाही. सूर्यनमस्कार त्या दोन दिवशी मी वगळायला सांगते.

नागपूर, वय 46

मला पाळीची पोटदुखी तरुणपणी कधीच नव्हती. दुसऱ्या बाळंतपणानंतर कॉपर टी बसवली आणि रक्तस्राव व कळा दोन्ही वाढले. हे होऊ शकते असे सांगितले गेले होते, म्हणून मी सहन केले. चाळिशीनंतर तर एका दिवसात आठ-आठ पॅड लागू लागले. सायकल चालवताना धाप लागे आणि मी ते वयावर घालत राहिले. रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन 7.9 निघाले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत 15 ते 49 वयोगटातील 57 टक्के भारतीय स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या, हे मी त्यानंतर वाचले. कॉपर टी काढली, लोहाच्या गोळ्या लिंबूपाण्याबरोबर घेतल्या आणि तीन महिने फक्त चालले. पुन्हा सायकलवर बसले तेव्हा पहिल्या चढावर उतरावे लागले नाही. व्यायाम जमेनासा झाला असेल तर आधी रक्त तपासा, एवढेच सांगते.

लातूर, पोलीस भरतीची तयारी, वय 22

वरच्या सगळ्या ताईंना आपला व्यायाम एक-दोन दिवस पुढे ढकलता येतो. आमच्या मैदानी चाचणीची तारीख प्रवेशपत्रावर छापून येते. 800 मीटर, 100 मीटर आणि गोळाफेक, तिन्ही त्याच दिवशी. माझ्या खोलीतल्या मैत्रिणीने मागच्या भरतीत तारीख पुढे जावी म्हणून गोळ्या घेतल्या होत्या, त्याही कोणाला न विचारता. पाळी लांबली, पण अंग सुजल्यासारखे झाले आणि ती नेहमीपेक्षा हळू धावली. तेव्हाच मी ठरवले, की पाळीतच धावून पाहायचे.

चार महिने मी दर पाळीत दुसऱ्या दिवशी एकदाच 800 मीटर वेळ लावून धावते. पहिल्या महिन्यात नेहमीपेक्षा एकोणीस सेकंद जास्त लागले आणि शेवटच्या वळणावर उलटी झाली, कारण मी उपाशीपोटी गेले होते. आता दोन तास आधी भाकरीचा तुकडा आणि केळे खाते. आधी पंधरा मिनिटे सावकाश चालते, कंबर दोन्ही बाजूंना फिरवते, आणि सुरुवातीचे दोनशे मीटर मुद्दाम आवरून धावते. मागच्या महिन्यात फक्त सहा सेकंद जास्त लागले. गोळाफेकीत मला काहीच फरक पडत नाही, हे कळले तेव्हा फार धीर आला.

खोलीवर रबरी पिशवी नव्हती. आजी करायची तसे मी जाडे मीठ तव्यावर परतून जुन्या ओढणीच्या फडक्यात बांधते आणि कपड्यावरूनच ओटीपोटाला शेकते. फडके दुहेरी घ्यावे लागते. एकेरी घेतले तेव्हा माझ्या पोटावर रुपयाएवढा लाल डाग उठला होता. चाचणीच्या दिवशी मैदानाजवळ तवा कुठून आणणार, म्हणून काल आईने गावाहून एसटीने रबरी पिशवी पाठवली आहे. माझी चाचणी 19 तारखेला सकाळी आहे आणि पाळीची तारीख 18 आहे. मैदानासमोरच्या चहाच्या टपरीवर पहाटे पाचला गरम पाणी मिळेल का, ते मी उद्या विचारून येणार आहे.