डेकवर चिकटवलेली जुनी क्लीट जेलकोट न फाडता कशी काढावी?

मांडवीतीर:
नमस्कार. माझी २६ फुटी फायबरची शिडाची होडी सध्या गोव्यात ब्रिटोना येथे काठावर ओढून ठेवलेली आहे. गेले दोन पावसाळे क्लीटच्या (दोर बांधायच्या धातूच्या खुंटीच्या) बोल्टांवाटे केबिनमध्ये पाणी झिरपत असल्यामुळे डेकवरचे सर्व जुने सामान काढून नव्याने बसवायचे ठरवले. नट सुटले, बोल्टही निघाले, परंतु क्लीट जागची हलत नाही, कारण आधीच्या मालकाने ती पॉलियुरेथेन सीलंटमध्ये (फटी बुजवणाऱ्या चिकट पदार्थात), बहुधा थ्रीएम ५२०० मध्ये, बसवली असावी. डावीकडची क्लीट मी पहारीने उचकटली, तेव्हा तिच्यासोबत तळहाताएवढा जेलकोट (फायबरवरचा गुळगुळीत बाह्य थर) आणि त्याखालचा फायबरचा थर सोलून आला. ते पाहून हात आवरला. ॲसिटोनचा काहीच उपयोग झाला नाही. आणखी सात वस्तू काढायच्या आहेत. योग्य रीत कोणी सांगेल का?

फायबरकाम:
पुरते सुकलेले पॉलियुरेथेन ॲसिटोनने विरघळत नाही. त्याची पकड जेलकोटपेक्षा भक्कम असते, म्हणून वर उचकटले की सीलंट सुटण्याआधी डेकच सोलले जाते. ते आडवे कापावे लागते. हीट गन केवळ क्लीटच्या धातूवर फिरवावी, डेकवर मुळीच नाही, कारण होडीचे पॉलिएस्टर रेझिनही १०० अंशांच्या बरेच खाली मऊ पडू लागते. धातूवर बोट टेकवत नाही इतपत तापले की थांबावे. मग कडा घासून धारदार केलेली पुटीची पातळ पट्टी एका कोपऱ्यातून सरकवावी, आणि जागा झाली की मासेमारीची विणीची दोरी किंवा बारीक पोलादी तार दोन लाकडी मुठींना बांधून करवतीसारखी मागेपुढे ओढावी. साधी तंगूस (एकपदरी नायलॉनची दोरी) घर्षणाने तापून लगेच तुटते. कापलेल्या फटीत लाकडाची पातळ पाचर ठेवत जावे. मला एका क्लीटला पाऊण तास लागला होता. कृपया घाई करू नका.

दर्यावर्दी:
वरील रीत योग्यच आहे, पण मला खरी काळजी भोकांची वाटते. डेकच्या फायबरच्या दोन थरांमध्ये बाल्सा (एक अतिशय हलके लाकूड) किंवा प्लायवूड असेल, तर दोन पावसाळ्यांचे पाणी त्यात मुरले असणार. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहा: खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला, तर तेथील लाकूड ओले किंवा सुटलेले असण्याचा संभव आहे. लाकूड कोरडे असल्यास वाकवलेला खिळा ड्रिलला लावून भोकाच्या सभोवती सुमारे एक सेंटिमीटर लाकूड कोरावे, खालून टेप लावून घट्टसर इपॉक्सी (दोन भाग मिसळल्यावर कडक होणारे रेझिन) भरावे आणि ते पक्के झाल्यावर त्यातूनच नवे भोक पाडावे. भोकाचे तोंड थोडे तिरके कापून क्लीट ब्युटाइल टेपवर (मऊच राहणाऱ्या चिकट रबरी पट्टीवर) बसवावी. पुन्हा कायम चिकटणारे सीलंट वापरू नये, नाहीतर पुढच्या वेळी हाच त्रास होईल. जुने बोल्टही वापरू नयेत. ओल्या, हवा न लागणाऱ्या भोकात स्टेनलेस स्टीललाही खड्डे पडतात.

मांडवीतीर:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. उजवीकडची क्लीट आज तारेने सुटली आणि जेलकोटला ओरखडाही आला नाही. मात्र खिळा फिरवताच भोकातून चहाच्या चोथ्यासारखा काळपट, ओला भुसा निघाला. त्यामुळे इपॉक्सी आताच न भरता तेवढ्या भागातला वरचा थर कापून सडलेले लाकूड काढणार आहे, आणि पावसाच्या आत ते वाळले नाही, तर होडी यंदा ताडपत्रीखालीच ठेवीन.