१२ बाय १४ च्या हॉलमध्ये ग्रँड पियानो: ५ फूट ३ की ६ फूट १?

रामबागकर
नमस्कार मंडळी. इंदूरला पहिल्या मजल्यावर घर आहे. हॉल १२ बाय १४, उंची साडेनऊ फूट, व्हिट्रिफाइड टाइल्स. पश्चिमेला मोठी खिडकी, तिथेच कूलर. मुलगी ट्रिनिटीच्या (लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संगीत परीक्षा) सहाव्या ग्रेडला आहे. यामाहाचा सी१एक्स (१६१ सेंमी) घ्यावा की सी३एक्स (१८६ सेंमी)? सोफा हलवता येईल, भिंत नाही.

पंचम_७२
जागा दोघांनाही पुरते. रुंदी दोन्हींची १४९ सेंमीच, फरक लांबीचा. वाजवणाऱ्याला बसायला-उठायला ९० सेंमी धरा, म्हणजे सी१ला सव्वाआठ फूट आणि सी३ला नऊ, वर शेपटीमागे (पियानोच्या निमुळत्या टोकामागे) अर्धा फूट. वर्तमानपत्रं जोडून खऱ्या मापाचा आकार कापा, फरशीवर चिकटवा आणि घरातल्यांना दोन दिवस त्याच्या कडेने वावरू द्या. झाकणाच्या बिजागऱ्या वाजवणाऱ्याच्या डाव्या हाताला असतात. ती सरळ बाजू भिंतीकडे, वळणदार बाजू खोलीकडे. उलटं ठेवलंत तर सगळा आवाज भिंतीवर आदळेल.

खरी अडचण घुमण्याची. १४ फुटांच्या अंतरात साधारण ४१ हर्ट्झ घुमतो, म्हणजे पियानोवरचा अगदी डावीकडचा ई हा सूर. १२ फुटांत ४७च्या आसपास, एफ शार्प आणि जीच्या मध्ये. हे सूर शेजारच्या सुरांपेक्षा फुगून येतील. हॉल १२ बाय १२ असता तर दोन्ही भिंतींचं घुमणं एकाच जागी पडलं असतं, तेवढं नशीब. रिकाम्या हॉलमध्ये टाळी वाजवा. झणझण ऐकू आली तर पियानोखाली जाड गालिचा आणि समोरच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट. सतरंजीने तीव्र सुरांची धार जरा बोथट होते, खर्जाला काही होत नाही.

माझं मत सी१. सी३चं झाकण पूर्ण उघडलं तर या हॉलला आवाज झेपणार नाही, ते मिटूनच ठेवावं लागेल.

खर्जातला_सा
असहमत. झाकण मिटूनही सी३चा खर्ज स्वच्छच राहतो, कारण तारा लांब. आखूड पियानोत खर्जाच्या तारा जाड करून भरपाई करतात, त्यात सूर गढूळ होतो. बजेट सी१चंच असेल तर १३१ सेंमी उंचीचा अपराइटही (उभ्या तारांचा पियानो) वाजवून बघा, त्याच्या खर्जाच्या तारा फार आखूड नसतात. मात्र ग्रँडमध्ये पट्टी पूर्ण वर न येता तोच सूर पुन्हा वाजतो, ते अपराइटमध्ये मिळत नाही. पुढच्या ग्रेडना ते लागतंच.

आणि दादा, मापाआधी तो कूलर काढा! पियानोला ४० ते ६० टक्के आर्द्रता हवी आणि मुख्य म्हणजे ती स्थिर हवी. मे महिन्यात कूलर चालू की हवा दमट, बंद केला की पुन्हा सुकी खडखडीत. साउंडबोर्ड, म्हणजे तारांचा नाद मोठा करणारा पाट, स्प्रूस लाकडाच्या पातळ फळ्यांचा. पावसाळ्यात फुगतो आणि सूर चढतो, उन्हाळ्यात आकसतो आणि सूर उतरतो. फार वाळला तर चिरतो, तारा ताणून धरणाऱ्या पिनाही सैल होतात. एसी लावा, झोत पियानोवर नको. जुलै ते सप्टेंबर डिह्युमिडिफायर. पियानोच्या आत नुसता हीटर रॉड लावून देणारे भेटतील. उन्हाळ्यात तो उलट जास्त वाळवतो. पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा हवाच.

रामबागकर
कूलर काढतो. स्लॅब वजन घेईल ना? जिना साडेतीन फुटी आहे.

पंचम_७२
सी१ २९० किलो, सी३ ३२०. घरगुती स्लॅब चौरस मीटरला २०० किलो धरून डिझाइन करतात. सी१चं वजन त्याच्या जागेवर पसरलं तर १२०च्या आसपास येतं. आरसीसी असेल तर घोर नाही. जुन्या वाड्याची लाकडी तक्तपोशी असेल तर आधी इंजिनिअरला दाखवा. टाइलचं मात्र बघा: तीन पायांवर सरासरी शंभरेक किलो येतात. नाणं ठोकून जिथे पोकळ वाजेल तिथे पाय नको, आणि चाकांखाली रुंद वाट्या.

जिन्यातून नेताना पाय आणि पेडल सुटे करून पियानो सरळ बाजूवर आडवा, फळीला बांधून नेतात. तेव्हा तो दीड मीटर उंच असतो आणि लांबी तीच. पायऱ्यांवर अडत नाही, वळणाच्या लँडिंगवर अडतो. लँडिंगची लांबी-रुंदी आणि वरच्या जिन्याच्या तळापर्यंतची उंची दुकानदाराला आधीच कळवा. वळत नसेल तर हायड्रा (क्रेन) लावून बाल्कनीतून, रेलिंग कापायची तयारी ठेवून. पहिलं ट्यूनिंग आणल्याआणल्या नको, दोन-तीन आठवडे हॉलमध्ये मुरू द्या.