भावाचं नैराश्य: चार दिवस चालायला येतो, पाचव्या दिवशी उठतच नाही. मदत हवी आहे

कंदील: भावाला नैराश्य आहे. डॉक्टरांनी रोज व्यायाम सांगितलाय. पहाटे साडेपाचला उठवून तासभर चालायला नेते. चार दिवस येतो, मग पांघरूण सोडत नाही. कोणता, किती, कधी, एवढंच नेमकं सांगा. 'मन प्रसन्न ठेव' घरात पुरेसं झालंय.

पाऊलवाट: वय? गोळ्या? झोप? तोवर पहाट सोडा. नैराश्यात बऱ्याच जणांना सकाळच सगळ्यात जड जाते. संध्याकाळी पाचला न्या, तेही १० मिनिटं. वेळ ठरलेली, सोबतीला माणूस ठरलेला, बूट दाराशी काढून ठेवलेले. 'बरं वाटलं की जाऊ' म्हणालात की संपलं, कारण या आजारात हालचाल आधी होते आणि इच्छा मागून येते. दर आठवड्याला ५ मिनिटं वाढवत अर्ध्या तासावर न्या. वेग असा, की बोलता येईल पण गाता येणार नाही.

लोहार: नुसतं चालून काय होणार? वजनं उचलायला लावा. आठवड्यातून २ दिवस, बैठका आणि डंबेल्स, ८ ते १२ वेळा, ३ सेट.

ताम्हण: भांडू नका, दोन्ही चालतं. 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात २०२४ साली २१८ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. त्यात चालणं-धावणं, योग, वजनं तिन्ही उपयोगी ठरली. जे टिकेल ते करा. गोळ्या मात्र परस्पर बंद करू नका. आणि जीव नकोसा झाल्याचं बोलत असेल तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, कोणत्याही वेळी.

रानजाई: वजन वाढलंय का? या गोळ्यांनी वाढू शकतं. साखर आणि मीठ महिनाभर पूर्ण बंद करा, सकाळी गरम पाणी-लिंबू. आठवड्यात फरक दिसेल.

कंदील: वजनाचं विचारलंच नव्हतं. वय ३४, झोप दहा तास. गोळ्या दोन: नैराश्यावर एसिटालोप्राम आणि मूड स्थिर ठेवायला लिथियम. चालून आल्यावर हात थरथरतात, अशक्तपणा असेल.

पाऊलवाट: ताई, लिथियम पहिल्याच ओळीत हवं होतं! रानजाई, मीठ बंद करणं इथे घातक आहे. अंगातलं मीठ-पाणी कमी झालं की मूत्रपिंड मिठातल्या सोडियमबरोबर लिथियमही धरून ठेवतं आणि त्याची रक्तातली पातळी विषारी होईल इतकी चढू शकते. उन्हात घाम गाळला तरी तेच. म्हणून मीठ नेहमीइतकंच, पाणी भरपूर, चालणं ऊन उतरल्यावर. अंगदुखीवर आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक मनाने देऊ नका, त्यांनीही पातळी वाढते. बारीक कंप लिथियमवर बऱ्याच जणांना असतो. पण पेला धरवत नाही इतका थरथराट, उलट्या-जुलाब, तोल जाणं, जीभ जड होणं, यातलं काहीही दिसलं तर पुढची गोळी देण्याआधी तडक हॉस्पिटल गाठा.

लोहार: म्हणजे वजनं बंद?

पाऊलवाट: नाही. डॉक्टरांनी पातळी बघून हो म्हटलं की पंख्याखाली, हलक्या डंबेल्सने.

ताम्हण: पातळी शेवटची कधी तपासली?

कंदील: सुरुवातीला एकदा. उलट्या वगैरे नाहीत, पेला नीट धरतो. उद्याच रक्त देतो. लॅबवाला सकाळी सातला येतो, गोळी रात्री साडेनऊची. चालेल ना?

ताम्हण: नाही, साडेनऊलाच बोलवा. शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी रक्त घ्यायचं असतं, आधी घेतलं तर आकडा उगाच जास्त दिसतो. सकाळचीही गोळी असेल तर ती रक्त दिल्यावर. कंपाचं मात्र डॉक्टरांना आजच कळवा, रिपोर्टची वाट बघू नका. टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि क्रिएटिनिनही (मूत्रपिंडाची) करायचं का ते विचारून घ्या. लिथियमने थायरॉइड मंदावू शकतं, आणि तसं असेल तर दहा तास झोपूनही माणूस थकलेलाच उठतो.