रायगडचं राज्य साम्राज्य कधी झालं?

प्रश्न: लेकीचा अभ्यास घेताना अडकले. १६७४ ला राज्याभिषेक झाला, ते राज्य. मग साम्राज्य कधीपासून म्हणायचं?

उत्तर: माझ्या मते १७१९ पासून. शाहू महाराजांचे पेशवे बाळाजी विश्वनाथ यांनी दिल्लीहून दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आणल्या. मुलूख मोगलांचा, पण वसुलाचा चौथा हिस्सा आणि वर दहा टक्के साताऱ्याच्या गादीला! आपल्या रयतेकडून शेतसारा कुठलाही राजा घेतो हो, दुसऱ्याच्या मुलखातून घेतला की साम्राज्य.

दुसरं उत्तर: नुसत्या वसुलीनं भागत नाही. शिंदे उज्जैनला, होळकर इंदूरला, गायकवाड बडोद्याला बसले, तेव्हा कुठे साम्राज्य.

प्रश्नकर्ती: मग सम्राट कोण, शाहू महाराज की पेशवे? कार्टी विचारणारच!

पहिले: गादी छत्रपतींचीच. १७४९ ला शाहू महाराज गेले आणि कारभार पुण्याच्या पेशव्यांच्या हाती गेला.