मोठी मालिका सुट्टीत नको

गणपतीच्या सुट्टीत 'व्हील ऑफ टाइम' या इंग्रजी फँटसी कादंबरीमालिकेचे चौदाच्या चौदा भाग उरकून टाका असं एकानं सुचवलंय, पण मला नाही पटत बघा. ती मालिका १९९० ते २०१३ पर्यंत निघत होती, मधे २००७ ला लेखक रॉबर्ट जॉर्डन गेले आणि शेवटचे तीन भाग ब्रँडन सँडरसननी पुरे केले, एवढं सगळं घाईत वाचलं की कोण कुठल्या गावचा तेच डोक्यात राहत नाही. ती वर्षभर रोज थोडी थोडी वाचायची.

सुट्टीला 'अर्थसी' ही फँटसी मालिका घ्या की! उर्सुला ले ग्विनची, पहिलं पुस्तक १९६८ चं, एकदम आटोपशीर. दुसऱ्यात ती तेनार नावाची पोरगी भुयारात दिवा न लावता, भिंतीला हात लावून वळणं मोजत जाते, ते मी टिळकवाडीत घरी वाचत होतो, बाहेर धो धो पाऊस, लाइट गेलेली, आई जेवायला हाका मारतीय आणि मला उठवेना. काय लिहिलंय बाईंनी! चौथं, 'तेहानू', मात्र लगेच घेऊ नका, ते १९९० चं, त्यात तेनार विधवा झालीय, पोरं मोठी झालीत, आधीचे तीन नीट मुरू देत मग वाचा.