इटलीत १९४३ साली पडलेल्या मराठा पलटणीतल्या शिपायाची तिथी शोधतोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझ्या आजोबांचे थोरले भाऊ १/५ मराठा पलटणीत (पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये) होते. घरात लहानमोठे सगळे त्यांना दादाच म्हणतात. नोव्हेंबर १९४३ मध्ये इटलीत सांग्रो नदीच्या लढाईत ते पडले. गावी तार आली, नंतर त्यांच्या आईला पेन्शन सुरू झाली, याहून जास्त कुणालाच ठाऊक नाही. तार केव्हाच वाळवीने खाल्ली. तारीख माहीत नाही म्हणून आजवर आम्ही त्यांचं सर्वपित्रीला करत आलो. चुलते म्हणतात शस्त्राने गेलेल्याचं चतुर्दशीला करावं, पण ते पितृपक्षापुरतं झालं. वर्षश्राद्धाला तिथी लागतेच. आजोबा नव्वदीच्या पुढे आहेत, आणि दादाचं पान एकदा तरी त्याच्या तिथीला वाढायचं, हा एकच ध्यास त्यांनी घेतला आहे.

आतापर्यंत जे कळलं ते सांगतो, म्हणजे पुन्हा तेच सांगायला नको. खडकीच्या स्मारकावर नाव असेल असं बऱ्याच जणांनी सुचवलं. तिथल्या पहिल्या महायुद्धाच्या स्मारकावर १,८०० हून अधिक नावं आहेत, पण ती हिंदुस्थानातच वारलेल्या सैनिकांची. इटलीत पडलेल्यांची नोंद इटलीतच आहे. तिथे आपल्या हिंदू आणि शीख जवानांचं दहन झालं, म्हणून त्यांची कबर नाही, नुसतं कोरलेलं नाव आहे. अशी दहन-स्मारकं इटलीत तीन: सांग्रो, फोर्ली आणि रिमिनी. ज्यांचा देहच सापडला नाही त्यांची नावं कॅसिनोच्या स्मारकावर आहेत, आमच्या शेजारच्या माणगाव तालुक्यातले व्हिक्टोरिया क्रॉस विजेते नाईक यशवंत घाडगे त्यांतलेच. (पहिल्या युद्धातल्या घरांपुढे आमचं नशीब बरं म्हणायचं. बसराच्या स्मारकावर साध्या हिंदी शिपायांची नावं कोरलीच नव्हती, पलटणीपुढे नुसता आकडा लिहिला होता. हे वाचून फार वाईट वाटलं.)

अडलंय ते पुढे. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर शोधलं तर सांग्रोच्या यादीत दादांच्या नावाच्या दोन नोंदी निघाल्या. दोघेही १/५ चे, दोघांचाही जिल्हा कुलाबा, म्हणजे आजचा रायगड. आडनाव दोन्हीकडे नाही. एका नोंदीत वडिलांचं नाव जुळतं, पण गावाचं स्पेलिंग असं आहे की ते आमचंही असू शकतं आणि खाडीपलीकडचंही. दुसरीत वडिलांचं नाव दिलेलंच नाही. पेन्शनच्या जुन्या पुस्तकावर शिपाई नंबर आहे, पण त्याचे शेवटचे आकडे घडीत फाटलेत आणि उरलेले दोघांनाही लागू पडतात. तारखांत थोड्याच दिवसांचं अंतर असलं तरी एक कार्तिक वद्यातली आहे, दुसरी मार्गशीर्ष शुद्धातली. अंदाजाने एक धरून चालणं मला पटत नाही. उद्या दुसऱ्याच कुणाच्या तरी तिथीला आम्ही दादांचं नाव घेत बसू.

तर, बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री रेकॉर्ड ऑफिसातून दुसऱ्या महायुद्धातल्या शिपायाचा पूर्ण नंबर आणि वारसाची नोंद कुणी मिळवली आहे का? अर्ज कुणाच्या नावे करायचा, आणि नातं दाखवायला काय जोडायचं? आमच्याकडे जुना सातबारा आहे, शाळेचा दाखला नाही. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत गेला तर लवकर हलतो का? कमिशनकडेही मूळ कागद असतात म्हणे. त्यात सैनिकाच्या गावाचा आणखी काही तपशील मिळतो का?

सांग्रोच्या स्मारकाला कुणी जाऊन आलं असेल तर तेही लिहा. माझी चुलतबहीण बोलोन्याला शिकते, ती तोरिनो दि सांग्रोला (स्मारक तिथेच आहे) जायला तयार आहे. तिथे समई लावू देतात का, फुलं आणि नारळ ठेवता येतो का? रखवालदाराला आधी कळवावं लागतं का? नावाच्या ओळीचा सरळ समोरून घेतलेला फोटो आजोबांना हवा आहे.

शके १८६५ चं पंचांग कुणाच्या घरी असेल तर कार्तिक-मार्गशीर्षाच्या पानांचे फोटो टाकावेत. आजोबांचा मोबाइलमधल्या पंचांगावर विश्वास नाही.